इस्तंबूलहून आणलेलं मखमली कुशन कव्हर खरंच ओटोमन आहे का? आणि त्यावरचं ते पंख्यासारखं फूल कुठलं?

ताई, तुमचा प्रश्न माझ्या शब्दांत परत मांडते म्हणजे पुढचं सगळं समजायला सोपं जाईल. तुम्ही इस्तंबूलच्या ग्रँड बझारमधून लाल मखमलीचं चौकोनी कुशन कव्हर घेतलं, साधारण दीड फूट बाय दीड फूट, त्यावर सोनेरी रंगात पंख्यासारखी पसरलेली फुलं आहेत, दुकानदार म्हणाला की हे सतराव्या शतकातलं ओटोमन, म्हणजे जुन्या तुर्की साम्राज्यातलं, सिल्क वेल्वेट आहे, आणि तुम्हाला दोन गोष्टी विचारायच्यात: हे खरं का, आणि हे फूल ट्युलिप असेल तर ते असं का दिसतं.

पहिल्याचं उत्तर लगेच देते, नाही. फोटोतली सोनेरी जर सगळीकडे सारखीच पिवळी चमकतेय, एकही धागा काळवंडलेला नाही, आणि नक्षी चारही कडांना कुठेही मधेच कापली गेलीय. चारशे वर्षांची जर अशी दिसत नाही. दुसऱ्याचं उत्तर जास्त मजेशीर आहे, कारण ते ट्युलिप नाहीच, कार्नेशन आहे, आणि ते तसं का दिसतं हे समजलं की खरं-खोटं ओळखायला अर्धी मदत होते. हातमागाच्या कापडांचं जतन-दुरुस्तीचं काम करते म्हणून मला सवय अशी की फूल नंतर बघायचं, आधी माग बघायचा.

मुळात ही वस्तू होती काय ते बघू. तुर्कीत तिला यास्तिक म्हणतात, आपण लोड-तक्क्या म्हणू. ओटोमन घरात खुर्च्या-टेबलं नव्हती, खोलीच्या भिंतींना लागून बुटकी बैठक असायची आणि भिंतीला टेकवून हे लांबट तक्के ओळीने लावलेले असायचे. त्यांच्यावरच्या मखमलीची पुढची बाजू म्हणजे हे तुकडे, आज जगभरच्या म्युझियममध्ये ओटोमन वेल्वेट म्हणून जे दिसतं त्यातला मोठा वाटा यांचाच आहे. माप साधारण सव्वा मीटर लांब आणि साठ-पासष्ट सेंटिमीटर रुंद, कारण मागावरच्या कापडाचा पन्हाच तेवढा. आणि दोन्ही टोकांना एक ओळ असते, लहान लहान कमानींची, बहुतेक वेळा सहा, प्रत्येक कमानीत एक छोटं फूल. ही कमानींची ओळ म्हणजे यास्तिकची जवळजवळ सही. म्हणजे हे कापड थानातून कापून कुशन शिवलेलं नसायचं, तक्क्याच्या मापानेच, सुरुवात-शेवट ठरवून मागावर विणलेलं असायचं. चौकोनी कुशनची सवय आपली, त्यांची नाही. जुन्या यास्तिकचा तुकडा कापून कोणी चौकोनी कुशन शिवलं असं होऊ शकतं, पण मग कापड झिजलेलं दिसेल.

सगळी मखमल तक्क्यांवरच गेली असं नाही. मोठी आच्छादनं व्हायची, घोड्याच्या खोगिरावर टाकायची वस्त्रं व्हायची, थोडे काफ्तानही, म्हणजे लांब अंगरखे. पण अंगावर घालायला दरबाराची पसंती जास्त करून केम्हा नावाच्या बहुरंगी रेशमी कापडाला आणि सेरासेरला, म्हणजे जवळजवळ पूर्ण सोन्या-चांदीच्या तारेच्या कापडाला. जरीची मखमल वजनदार आणि ताठ, ती बैठकीवरच शोभते. हिला तुर्कीत चात्मा म्हणतात, आणि साध्या मखमलीला कादिफे.

आता फूल. एखादं चांगलं, सोळाव्या शतकाच्या शेवटचं किंवा सतराव्या शतकातलं कार्नेशनचं यास्तिक डोळ्यासमोर आणा. सगळी पार्श्वभूमी गडद किरमिजी, उभ्या लवेची, म्हणजे मखमलीच्या त्या मऊ उभ्या धाग्यांची. त्यावर तळहातापेक्षा मोठं फूल, बाजूने पाहिल्यासारखं, पाकळ्या पंख्यासारख्या उघडलेल्या, वरच्या कडा करवतीसारख्या दातेरी. फुलाच्या जागी लव नाही, तिथे कापड सपाट आणि चांदीच्या तारेचं. दोन पाकळ्यांमध्ये लाल लवेची एक बारीक रेघ सोडलेली, तेवढ्यानेच पाकळ्या वेगळ्या दिसतात. आणि मग जवळ गेलात की प्रत्येक पाकळीच्या पोटात अजून एक छोटी नक्षी निघते, कधी लहानसं ट्युलिप, कधी हायसिंथचा तुरा, तीही लवेतच, लाल किंवा हिरवी. खाली देठाशी हिरव्याचा थोडासा ठिपका. झालं. रंग मोजले तर दोन रेशमाचे आणि एक-दोन धातूचे. एवढ्यात सगळं काम भागवलंय.

असं का, तर मखमल विणायची पद्धतच तशी आहे. साध्या कापडात ताण्याचे, म्हणजे उभे, एकाच प्रकारचे धागे असतात, मखमलीत दोन प्रकारचे: एक जमिनीचे, म्हणजे जे कापड धरून ठेवतात, आणि दुसरे लवेचे. जिथे लव हवी तिथे लवेचे धागे उचलायचे, त्याखालून धातूची बारीक सळई आडवी घालायची, मग बाण्याचे, म्हणजे आडव्या धाग्याचे, दोन-तीन फेरे टाकून ठोकून घट्ट करायचं, की सळईवर लवेच्या धाग्यांचे फास तयार होतात. सळईला वरून खाच असते, त्या खाचेतून सुरी फिरवली की फास कापले जातात आणि टोकं उभी राहतात. ती लव. मग पुढची सळई. एका सेंटिमीटरमध्ये अशा कित्येक ओळी. लवेचा धागा सतत वर-खाली जात असल्यामुळे तो कापडाच्या लांबीच्या कितीतरी पट खर्च होतो, आणि नक्षीच्या मखमलीत भानगड अशी की प्रत्येक धागा वेगवेगळा खर्च होतो, कारण एकाच्या वाट्याला फूल जास्त आलं, दुसऱ्याच्या कमी. म्हणून हे सगळे धागे एका रुळावर गुंडाळताच येत नाहीत, मागाच्या पाठीमागे प्रत्येकाची वेगळी छोटी रिळं, त्यांना वजनं लटकवलेली. वर नक्षीच्या दोऱ्या ओढायला एक पोरगा बसलेला. व्हेनिसला बेव्हिलाक्वांच्या विणकामघरात अजूनही जुन्या लाकडी मागांवर नक्षीची मखमल विणतात, तिथे अवघड प्रकारात दिवसाला फूटभर कापड निघतं. त्यावरून अंदाज घ्या की एका यास्तिकमागे किती दिवस जात असतील.

आता या मागावर फुलाचं चित्र काढायला बसा. बारीक रेघ? येत नाही, लव दोन्ही बाजूंनी पसरते आणि रेघ गिळून टाकते. शेडिंग, फिकट गुलाबी ते गडद गुलाबी? प्रत्येक जादा रंग म्हणजे लवेच्या धाग्यांचा अजून एक संच, तो जिथे दिसत नाही तिथेही कापडाच्या पोटातून चालवत न्यावा लागतो, रेशीम वाया आणि कापड जाड. म्हणून रंग दोन, फार तर तीन. उरतं काय, तर ठळक आकार, स्वच्छ बाह्यरेषा, आणि लव विरुद्ध धातू हा उठाव. कार्नेशन या कामाला इतकं फिट बसतं की बस: पंखा म्हणजे मोठी सपाट जागा, दातेरी कड म्हणजे मागाला आवडणाऱ्या पायऱ्या, आणि मोठ्या पाकळीत अजून नक्षी कोंबायला जागा. ट्युलिपही चालतं, ओटोमनांचं ट्युलिप लांब टोकदार पाकळ्यांचं, सुरीसारखं, आताच्या डच ट्युलिपसारखं गोल नाही. हायसिंथ मात्र, बारीक बारीक फुलांचा तुरा, त्याला मखमलीत मोठं करता येत नाही, म्हणून तो बहुतेक दुसऱ्या फुलाच्या पोटात जाऊन बसतो. आणि अजून एक काटकसर बघा, बहुतेक यास्तिकांची डावी बाजू म्हणजे उजवीचा आरसा, कारण मागावर नक्षी अर्धीच बांधायची आणि तीच उलटवून दुसऱ्या अर्ध्यात चालवायची, दोऱ्यांचं काम निम्मं होतं.

हीच फुलं इझनिक या तुर्कस्तानातल्या गावच्या रंगीत टाइल्सवर बघितली तर फरक लगेच कळेल. इस्तंबूलला गेला होतात तर रुस्तम पाशा मशीद पाहिली असेल, १५६० च्या आसपासची, भिंतीभर टाइल्स. तिथे ब्रश आहे, त्यामुळे ट्युलिप, कार्नेशन, गुलाब, हायसिंथ सगळे एकत्र नाचतात, देठ वाकतात, पानं वळतात. या चार फुलांची शैली रुळवण्याचं श्रेय साधारणपणे दरबारी चित्रशाळेच्या कारा मेमीला देतात. सुलतान सुलेमान मुहिब्बी या नावाने कविता करायचा, त्याच्या दिवानाची, म्हणजे काव्यसंग्रहाची, १५६६ ची प्रत कारा मेमीने सजवलेली, त्यात ही फुलं अगदी बागेतून उचलल्यासारखी दिसतात. त्याचा गुरू शाहकुलू तब्रीझकडचा, त्याची शैली वेगळीच, लांब वळणदार सुरीसारखी पानं आणि कल्पनेतली कमळं, तिला साझ म्हणतात. बरेच लोक लिहितात की दरबारातून चित्र आलं आणि बुर्सा या रेशमाच्या शहरातल्या विणकराने ते विणलं, झालं. मला हे अर्धवट वाटतं. बुर्साचे माग बहुतेक खाजगी कारखानदारांचे होते, दरबार त्यांचं मोठं गिऱ्हाईक होता पण एकमेव नाही, आणि कागदावरचं फूल मागावर जाताना तिथल्या नक्षी बांधणाऱ्याने त्याची जी काटछाट केली तीच आज आपल्याला ओटोमन स्टाइल म्हणून दिसते. कारा मेमीचं कार्नेशन आणि यास्तिकवरचं कार्नेशन शेजारी ठेवा, नातेवाईक आहेत, पण दुसऱ्याने मागावर जन्म घेतलाय.

सगळ्याच मखमलींवर फुलं नसतात हेही सांगून ठेवते. तीन गोळे आणि त्याखाली दोन नागमोडी पट्टे ही चिंतामणी नक्षी खूप दिसेल, पट्टे म्हणजे वाघाचे आणि गोळे म्हणजे बिबट्याचे ठिपके असं सांगतात. आणि दुसरी म्हणजे टोकदार लंबगोलांची जाळी, प्रत्येक घरात एक फूल किंवा डाळिंब. ही जाळी ओटोमनांची एकट्यांची नाही. पंधराव्या-सोळाव्या शतकात व्हेनिस, फ्लॉरेन्स, जेनोआची मखमल इस्तंबूलला येत होती, सुलतानांचे काही काफ्तानच इटालियन मखमलीचे आहेत, आणि दोन्हीकडचे कारागीर एकमेकांच्या नक्षी उचलत होते. काही तुकडे बघून चांगले चांगले तज्ज्ञसुद्धा आधी मागची बाजू मागतात. साधारण खूण अशी की इटालियनांना लवेच्या दोन उंच्या करायची आणि सोन्याच्या तारेचे बारीक फास वर काढायची हौस, ओटोमन मखमलीत लव सहसा एकाच उंचीची आणि धातू सपाट. आणि तक्क्यांच्या मखमलीत बाण्याला बऱ्याचदा सुती धागा घातलेला असतो, वरून सगळं रेशीम दिसतं पण पोटात कापूस.

बुर्साबद्दल थोडं सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. १३२६ मध्ये ओटोमनांनी हे शहर घेतलं आणि राजधानी केली. राजधानी पुढे हलली पण रेशमाचा बाजार इथेच राहिला. इराणच्या गिलान-माझंदरानकडचं कच्चं रेशीम कारवानांनी इथे यायचं, इटालियन व्यापारी ते इथे विकत घ्यायचे, आणि उरलेलं बुर्साचे माग खायचे. बायझिद दुसरा याने १४९१ मध्ये बांधलेला कोझा हान, म्हणजे व्यापाऱ्यांची सराई, अजून उभा आहे, आत अजून रेशमी रुमालांची दुकानं आहेत, पुढच्या वेळी इस्तंबूलहून एक दिवस काढून जाच. हा सगळा धंदा इराणी रेशमावर टांगलेला असल्यामुळे राजकारणाचा फटका थेट मागाला बसायचा, १५१४ च्या चाल्दिरानच्या, इराणशी झालेल्या लढाईच्या सुमारास सलीम पहिल्याने इराणी रेशमाचा व्यापारच बंद पाडला होता, सुलेमान गादीवर आला तेव्हा तो पुन्हा सुरू झाला. १५०२ मध्ये बुर्साच्या बाजारासाठी नियमावली निघाली त्यात कापडाच्या प्रतीचेही नियम आहेत, आणि त्यामागची तक्रार आजच्या कुठल्याही विणकामाच्या बाजारातली वाटेल: धागे कमी घालतात, रंग हलका मारतात, कापड पातळ झालंय.

आणि विणणारे कोण, तर बुर्साच्या कोर्टाच्या नोंदींमध्ये गुलाम विणकरांचे करार सापडतात. मालक लिहून द्यायचा की तू इतकं कापड विणून दे, की तू मोकळा. जबरदस्ती केली तर कसलेला विणकर हात राखून काम करतो हे मालकांनाही कळत होतं, म्हणून हे आमिष. म्युझियममध्ये काचेमागे ती सुंदर फुलं बघताना पाटीवर हे कधी लिहिलेलं नसतं, म्हणून इथे लिहिलं.

रंगात आपला संबंध येतो. तो गडद किरमिजी लाल कशाचा, तर कीटकांचा. कर्मीस नावाचा ओकच्या झाडावरचा कीटक, नंतर मेक्सिकोतून आलेलं कोचिनियल, आणि लाख. लाखेचा रंग भारतातून जायचा, आणि ओटोमन रेशमांच्या रासायनिक तपासणीत तो बऱ्याच ठिकाणी सापडलाय. म्हणजे आपण दागिन्यात भरायला किंवा पत्र सीलबंद करायला जी लाख वापरतो तिच्यातूनच धुऊन काढलेला लाल, बुर्साच्या लवेत. धातूचा धागा म्हणजे आपली कलाबतूच: चांदीची किंवा सोन्याचा मुलामा दिलेल्या चांदीची चपटी बारीक पट्टी रेशमी धाग्यावर गुंडाळलेली. यात एक युक्ती आहे, सोनेरी दिसायला हवं तिथे आतला रेशमी धागा पिवळा, रुपेरी हवं तिथे पांढरा, म्हणजे पट्टीच्या फटींतून आतला रंगही मदत करतो. जुन्या तुकड्यात पट्टी झिजून गेलेली असते आणि नुसता पिवळा धागा उरतो, लोकांना वाटतं पिवळ्या रेशमाने विणलंय. उरलेली चांदी काळी पडलेली. पॉलिश करायचा विचारही मनात आणू नका.

हो, आणि हे कापड फक्त तुर्कस्तानात फिरत नव्हतं. रशियात मोठी मागणी होती, ऑर्थोडॉक्स चर्चच्या धर्मगुरूंचे अंगरखे ओटोमन रेशमाचे शिवलेले आहेत, मॉस्कोत क्रेमलिनच्या शस्त्रागार-संग्रहालयात ते आणि खोगिराची वस्त्रं आहेत. इस्लामी दरबारातली कार्नेशनं ख्रिस्ती धर्मगुरूच्या पाठीवर, कोणाला काही वाटलं नाही, कापड भारी होतं एवढं पुरे.

आता तुमच्या कव्हरकडे येऊ, घरी बसून काय बघता येईल. भिंग घ्या, मोबाईलचा कॅमेरा झूम करूनही चालेल. फुलाची गोल कड बघा. विणलेल्या नक्षीत गोलाई खरी गोल नसते, बारीक बारीक पायऱ्या असतात, कारण आकार धाग्यांच्या चौकटीतच बसवावा लागतो. कड गुळगुळीत वाहत असेल तर ती छापील आहे. मग एक बोथट सुई घेऊन लव हळूच बाजूला करा आणि मुळापर्यंत बघा. धागा आधी रंगवून मग विणला असेल तर रंग टोकापासून मुळापर्यंत एकच, छापील असेल तर वर लाल आणि मुळाशी फिकट. तिसरं, सोनेरी भाग बोटाने नाही, नजरेने चाचपा: चात्मात धातूचा भाग लवेच्या पातळीच्या खाली असतो, खड्ड्यात बसल्यासारखा. लवेच्या टोकांवर सोनेरी रंग बसलेला असेल तर ते स्टेन्सिलचं काम. स्टेन्सिल म्हणजे लगेच टाकाऊ असं समजू नका बरं, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला व्हेनिसच्या मारियानो फॉर्च्युनीने मखमलीवर धातूच्या रंगांनी छापून जुन्या इटालियन-ओटोमन नक्षींची जी कामं केली ती आज स्वतःच म्युझियममध्ये आहेत. फक्त ती सतराव्या शतकातली नाहीत.

शेवटची तपासणी म्हणजे उलट बाजू. अस्तर उसवायची गरज नाही, एका कोपऱ्याची शिवण दोन टाके सोडली तरी पुरे. पाठीवर अगदी एकसारखा पांढरट सिंथेटिक धागा आणि लव ओढली की अलगद निघत असेल तर यंत्रमागाची आहे. जळणाचा प्रयोग, धागा जाळून वास घ्यायचा, नव्या कापडावर करा हवा तर, जुन्याची शंका जरी असेल तर करू नका. ग्रँड बझारमध्ये इकतची मखमलही ओटोमन म्हणून खपवतात, धूसर कडांचे रंगीत गोळे असलेली. ती मध्य आशियाच्या परंपरेतली, रंग ताण्यावर बांधून केलेला, सुंदर असते पण घराणं वेगळं.

आणि एक गोष्ट जी दुकानदार सांगणार नाही. तुर्कस्तानात १९८३ चा २८६३ क्रमांकाचा कायदा आहे, जुन्या सांस्कृतिक वस्तू देशाबाहेर न्यायला बंदी. म्हणजे त्याचं म्हणणं खरं असतं तर विमानतळावर तुम्ही अडचणीत आला असता. नवं निघालं हे बरंच झालं म्हणा. किंमत जर सजावटीच्या कुशनची दिली असेल तर काहीच फसवणूक नाही, अँटिकची दिली असेल तर मात्र कार्डाच्या बँकेशी बोलून बघा.

वापरायचं तर बिनधास्त वापरा, फक्त पावसाळ्यात बंद प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबून ठेवू नका, दमट हवेत जर लवकर काळी पडते आणि घडीवर लव कायमची बसते. घडी न घालता लव बाहेर ठेवून रुळावर गुंडाळायचं, वर धुतलेलं मलमल. डांबरगोळ्या कापडाला टेकू द्यायच्या नाहीत. ऊन तर अजिबात नको, लाल सगळ्यात आधी उडतो असं नाही पण रेशीम ठिसूळ होतं आणि ते परत येत नाही.

खरी चात्मा बघायची असेल तर न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन आणि लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमच्या साइटवर कुशन कव्हर, ऑटोमन, वेल्वेट असं शोधा. मेट्रोपॉलिटनचे फोटो इतके मोठे आहेत की झूम केलं की झिजलेल्या जरीखालचा पिवळा धागा दिसतो. आधी दोन्ही टोकांच्या कमानी शोधा, मग मधलं फूल.